काफ्काची पत्रं आणि मुंबईचा पटकथालेखक

आकाशवाणीची सकाळची ती धून कोणी बांधली, असं पुणे जिल्ह्यातल्या यवतच्या बाजारात उभं राहून विचारा. कोणी रविशंकरांचं नाव घेईल, कोणी आणखी एखाद्या पंडितांचं. तंबोऱ्यावर उमलणारी ती शिवरंजनीची सुरावट इतकी आपली वाटते की ती परक्या माणसाची असेल अशी शंकाही येत नाही. ती बांधली वाल्टर काउफमान यांनी. काउफमान म्हणजे बोहेमियातल्या कार्ल्सबाडचे, जर्मन बोलणारे ज्यू संगीतकार. १९३४ मध्ये ते मुंबईत उतरले, पुढे रेडिओच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख झाले आणि १९४६ पर्यंत इथंच राहिले. प्रागच्या जर्मन विद्यापीठात डॉक्टरेट जवळपास पदरात पडली होती, पण मार्गदर्शक प्राध्यापक नाझी असल्याचं कळल्यावर त्यांनी पदवी घ्यायचंच नाकारलं. मुंबईत त्यांनी मेहली मेहतांबरोबर चेंबर म्युझिक सोसायटी काढली. मेहली म्हणजे झुबिन मेहतांचे वडील.

इथवरची गोष्ट आता बऱ्याच जणांच्या कानावर आली आहे. पुढची मात्र फारशी कोणी सांगत नाही. या काउफमान यांची पत्नी गेर्टी ही फ्रांत्स काफ्काची सख्खी भाची, त्याची बहीण एली हिची मुलगी. काफ्काच्या तिन्ही बहिणी पुढं नाझींच्या छळसत्रात मारल्या गेल्या. त्यांतल्या एकीची लेक मुंबईत संसार करत होती म्हणून वाचली.

गोष्ट इथंही थांबत नाही, कारण काउफमानांच्या ओळखीनं प्रागहून आणखी एक माणूस मुंबईला आला, आणि हा लेख खरं तर त्याच्या पुस्तकाबद्दल आहे.

त्याचं नाव विली हास. जन्म १८९१, प्राग. काफ्काहून आठ वर्षांनी लहान. कवी फ्रांत्स वेर्फेल हा त्याचा शाळासोबती. प्रागच्या आर्को कॅफेत बसणाऱ्या तरुण लेखकांच्या टोळक्यात काफ्का, माक्स ब्रोड, वेर्फेल यांच्याबरोबर हासही असे. विशीतच त्यानं 'हेर्डर-ब्लेटर' नावाचं छोटं नियतकालिक चालवलं आणि १९१२ मध्ये त्यात काफ्काचा एक छोटा मजकूर छापला. घरातल्या गोंगाटाचं वर्णन आहे ते, अगदी पानभर. ज्या काळात काफ्का हे नाव प्रागबाहेर जवळपास कोणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. अंक चालवणाऱ्या पोरसवदा संपादकांना पुढं काय मोठं होणार हे कसं कळतं, याचं मला नेहमीच नवल वाटत आलं आहे. बहुतेकदा कळत नसावंच. मित्राचं लिखाण आवडलं, जागा होती, छापलं.

मग बर्लिन. तिथं हासनं चित्रपटांसाठी लिहिलं. पाब्स्ट या दिग्दर्शकाचा १९२५ चा एक गाजलेला मूकपट आहे, पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हिएन्नातल्या भुकेलेल्या गल्लीवरचा. तरुण ग्रेटा गार्बो त्यात आहे. त्याची पटकथा हासची. त्याच वर्षी प्रकाशक एर्न्स्ट रोवोल्ट यांच्या साथीनं त्यानं 'दी लिटरारिशे वेल्ट', म्हणजे 'साहित्यविश्व', हे साप्ताहिक सुरू केलं. वाल्टर बेन्यामिनसारखा विचारवंत त्यात नियमित लिही. जर्मन भाषेतल्या वाङ्मयीन चर्चेचं ते मध्यवर्ती ठिकाण झालं. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू संपादकाचं ते साप्ताहिक हासच्या हातून गेलं. तो प्रागला परतला. सहा वर्षांनी हिटलरचं सैन्य प्रागमध्येही शिरलं.

मार्च १९३९. त्या वसंतात मिलेना येसेन्स्कानं हासच्या हाती कागदांचा एक गठ्ठा दिला.

ही मिलेना कोण, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल. १९२० च्या सुमारास ती व्हिएन्नात राहत होती. तेवीस-चोवीस वर्षांची, पैशांची चणचण, लग्न फिसकटत चाललेलं. काफ्काची एक कथा वाचून ती तिला चेक भाषेत आणावीशी वाटली म्हणून तिनं त्याला पत्र लिहिलं. ती काही नावाजलेली अनुवादक नव्हती, हात नुकताच बसू लागला होता. त्या कथेचा तिचा चेक अनुवाद एप्रिल १९२० मध्ये छापून आला. दरम्यान पत्रांवर पत्रं सुरू झाली होती. तो जर्मनमधून लिही. तिनं मात्र आपल्या चेकमधूनच लिहावं असा त्याचा आग्रह असे. अनुवादाच्या शंका-निरसनातून सुरू झालेला हा व्यवहार विसाव्या शतकातला एक विलक्षण प्रेमपत्रव्यवहार ठरला. तिची त्याला आलेली पत्रं उरली नाहीत. त्याची तिला गेलेली उरली, ती त्या गठ्ठ्यात होती.

हासनं तो गठ्ठा प्रागमधल्या नातेवाइकांकडे सोपवला आणि स्वतः देश सोडला. युद्धाची सगळी वर्षं ती पत्रं प्रागमध्येच लपून राहिली. मिलेना नाझींविरुद्धच्या भूमिगत कामात पकडली गेली आणि १७ मे १९४४ रोजी राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत वारली. पत्रं मात्र वाचली. युद्धानंतर ती हासच्या हाती परत आली आणि १९५२ मध्ये त्यानं ती संपादित करून प्रसिद्ध केली. काही मजकूर त्यानं गाळला होता. ज्यांच्याबद्दल तो होता त्यांच्यापैकी काहीजण अजून हयात होते. शिवाय त्या पत्रांत हासच्या स्वतःच्या तरुणपणीच्या भानगडीही होत्या, म्हणजे संपादकाचा हात थरथरायला पुरेसं कारण होतं. गाळलेला बराचसा भाग परत घालून १९८३ मध्ये नवी आवृत्ती निघाली. तरी काफ्का-मिलेना पत्रांच्या जुन्या इंग्रजी आवृत्तीची प्रत तुमच्याकडे असेल तर पहिलं पान उघडून पाहा. संपादक म्हणून तिथं विली हास हे नाव आहे.

ती पत्रं प्रागमध्ये अंधारात पडून होती तेव्हा हास काय करत होता? तो मुंबईत हिंदी चित्रपट लिहीत होता.

मोहन भवनानी हे चित्रपटाचं तंत्र जर्मनीत पाहून आलेले दिग्दर्शक. मुन्शी प्रेमचंदांनी मुंबईत येऊन ज्यांच्यासाठी 'मजदूर' लिहिला, ते हेच. नौशादांच्या संगीताचा पहिला चित्रपट 'प्रेमनगर' (१९४०), तोही यांचाच. त्यांच्या कंपनीनं हासला पटकथाकार म्हणून बोलावलं. हास १९३९ मध्ये पोचला आणि १९४७ पर्यंत भारतात राहिला. मधला काही काळ त्यानं ब्रिटिश-भारतीय लष्करात पत्रं तपासणाऱ्या खात्यात नोकरी केली. काफ्काची पत्रं ज्याच्या भरवशावर होती तो माणूस पोटासाठी दुसऱ्यांची पत्रं फोडून वाचत होता. कादंबरीत असं लिहिलं तर संपादक म्हणतील, हे जरा जास्तच जुळवून आणलंय.

१९४२ मध्ये मुंबईतूनच त्यानं 'जर्मन्स बियाँड जर्मनी' नावाचं इंग्रजी संकलन प्रसिद्ध केलं. बाँब पडत असताना, जर्मन म्हणजे शत्रू हे समीकरण पक्कं झालेलं असताना, हिटलरपलीकडचे जर्मन लेखक भारतीय वाचकांपुढं ठेवण्याचा हा खटाटोप होता. युद्धानंतर तो युरोपात परतला, हॅम्बुर्गच्या 'दी वेल्ट' दैनिकात समीक्षक झाला, 'कालिबान' या टोपणनावानं सदर लिहू लागला, ब्रेख्टवर एक छोटं पुस्तकही लिहिलं. १९७३ मध्ये तो गेला.

आणि १९५७ मध्ये म्युनिकच्या पाउल लिस्ट प्रकाशनानं त्याच्या आठवणी छापल्या. पुस्तकाला नाव त्याच जुन्या साप्ताहिकाचं, 'दी लिटरारिशे वेल्ट'. प्राग, वेर्फेल, काफ्का, होफमन्सथाल, बर्लिनचे चित्रपट आणि वृत्तपत्रं, आणि मग भारत. एका माणसाच्या आयुष्यात इतकी माणसं आणि इतकी शहरं मावली, तीही उठवळ मिरवणुकीसारखी नव्हे. बहुतेकांशी त्याचं कामाचं नातं होतं.

असं पुस्तक विस्मरणात जावं कसं? माझा अंदाज असा. जर्मन अभ्यासकांना त्यातला काफ्का हवा असतो. ते दोन परिच्छेद उचलतात आणि तळटीप देऊन मोकळे होतात. मुंबईचा भाग त्यांना परका आणि थोडा करमणुकीचा. तो भाग ज्यांना घरचा वाटेल, त्यांना जर्मन येत नाही. पुस्तक दोन वाचकवर्गांच्या मधल्या फटीत पडलं. शिवाय समीक्षकाच्या आठवणी ही जातच दुर्दैवी. लेखकाच्या आठवणी त्याच्या कादंबऱ्यांच्या आधारानं जगतात. समीक्षकाला तसा आधार नसतो.

शेजारी एक उलट उदाहरण ठेवून पाहू. युद्ध सुरू होताच इंग्रजांनी भारतातल्या जर्मन-ऑस्ट्रियन पुरुषांना पकडून तेव्हाच्या अहमदनगरच्या छावणीत ठेवलं. पुण्याकडून रेल्वेनं नगरला जायचं तर आजही दौंडवरूनच वळावं लागतं, म्हणजे ही छावणी आपल्याला काही फार लांबची नाही. त्या कैद्यांत हाइनरिश हारर हा गिर्यारोहक होता. नगरहून देवळाली, देवळालीहून डेहराडून, तिथून पलायन आणि थेट ल्हासा. १९५२ चं त्याचं 'तिबेटमध्ये सात वर्षं' हे जर्मन पुस्तक जगभर गेलं, १९९७ मध्ये त्यावर हॉलिवूडचा चित्रपट निघाला. दोन्ही पुस्तकं पाच वर्षांच्या अंतरानं आलेली, दोन्हींच्या वाटा महाराष्ट्रातून गेलेल्या. एकात डोंगर आणि पळापळ आहे, दुसऱ्यात कॅफे, छापखाने आणि स्टुडिओ. बाजार कोणाच्या बाजूनं जाणार हे उघड होतं.

मग अशी पुस्तकं दुसऱ्या भाषेत आणतं कोण? प्रकाशकाचा हिशेब सरळ असतो: लेखकाचं नाव माहीत नाही, विषय तीन देशांत विखुरलेला, अनुवादकाचं मानधन, हक्कांची रक्कम. तो हात जोडतो, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. अशी कामं होतात ती हौशी माणसांच्या हातून. हौशी म्हणजे कच्ची असं समजू नका. पुण्यातलंच एक उदाहरण देतो. ते हौस या शब्दात बसणारही नाही इतकं भारी आहे.

ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन परतताना लंडनला थांबले. तिथं त्यांची एडिथ कोहन या जर्मन ज्यू घराण्यातल्या तरुणीशी ओळख झाली. तेवीस खंडांच्या ज्ञानकोशाचा डोंगर उपसणं चालू असतानाच १९२० मध्ये ती पुण्यात आली. व्रात्यस्तोम विधी करून तिला हिंदू करून घेण्यात आलं, लग्न झालं आणि ती शीलवती केतकर झाली. पुण्याच्या त्या ओढगस्तीच्या संसारात राहून या बाईंनी मोरिझ विंटरनिट्झ यांचा भारतीय साहित्याचा इतिहास जर्मनमधून इंग्रजीत आणला. वेद, महाभारत, पुराणं, बौद्ध आणि जैन वाङ्मय, असा जाडजूड, तळटिपांनी भरलेला ग्रंथ. पहिला खंड कलकत्ता विद्यापीठानं १९२७ मध्ये छापला, दुसरा १९३३ मध्ये. दुसऱ्या खंडावर शीलवतीबाईंबरोबर मिस एच. कोहन यांचंही नाव आहे. लेखकानं स्वतः हे अनुवाद तपासले, त्यात भर घातली, त्यामुळं इंग्रजी आवृत्ती मूळ जर्मनपेक्षा ताजी झाली. भारतातले संस्कृतचे विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या याच इंग्रजी विंटरनिट्झवर वाढले. मुखपृष्ठावरच्या 'मिसेस एस. केतकर' या म्हणजे पुण्याच्या ज्ञानकोशवाल्या केतकरांच्या पत्नी, हे त्यांतल्या किती जणांना माहीत होतं?

आता मला थक्क करणारी गोष्ट. विंटरनिट्झ शिकवत होते प्रागच्या जर्मन विद्यापीठात. काफ्कानं कायद्याची पदवी घेतली तीही तिथलीच, आणि हासही तिथंच कायदा शिकला. म्हणजे काफ्का ज्या विद्यापीठाच्या जिन्यांवरून चढ-उतार करत होता, तिथं एक प्राध्यापक महाभारतावर टिपणं काढत होता, आणि ती टिपणं पुढं पुण्यातल्या एका घरात इंग्रजी झाली. प्राग-पुणे ही वाट हासच्या आधीच कोणीतरी पायाखाली घातली होती. शीलवतीबाईंनी पुढं 'मीच हे सांगितलं पाहिजे' या नावानं आठवणीही लिहिल्या, आणि त्या लिहिल्या मराठीत. ज्ञानकोशामागचा माणूस कळायला त्यासारखं दुसरं पुस्तक नाही.

तर हासचं पुस्तक मराठीत आणायचं झालं तर काय लागेल? थेट जर्मनमधून आणायचं, इंग्रजीच्या दारातून नव्हे, हे मी धरूनच चालतो. आणि इथं मराठी माणसाला एक सुखद धक्का बसतो. इंग्रजीला जे जड जातं ते मराठीला सोपं आहे. जर्मन पोटवाक्यात क्रियापद शेवटी येतं. आपलं तर प्रत्येकच वाक्य क्रियापदावर जाऊन टेकतं. जर्मनला तीन लिंगं आहेत, आपल्यालाही तीन. हिंदीला दोनच, इंग्रजीत तर नामांचं लिंग जवळपास गळूनच गेलं आहे. शब्दाला शब्द जोडून लांबलचक समास करण्याची जर्मनची खोड आपल्याला संस्कृतमुळं ओळखीची.

आणि सगळ्यात मोठी सोय संबोधनाची. काफ्का सुरुवातीला मिलेनाला आदरार्थी संबोधतो आणि काही आठवड्यांनी एकेरीवर येतो. पत्रव्यवहारातली ती सगळ्यात नाजूक पायरी. इंग्रजी अनुवादात ती दिसूच शकत नाही, कारण तिथं आदरार्थी काय आणि एकेरी काय, सर्वनाम एकच. मराठीत 'तुम्ही'वरून 'तू'वर येणं म्हणजे काय, हे लग्न ठरलेल्या कोणत्याही मुला-मुलीला विचारा. हासच्या आठवणींतही कोण कोणाला कसं हाक मारतं यावर माणसांमधलं अंतर मोजलेलं असणार, कारण तो काळ आणि तो समाजच तसा होता.

अडचणी वेगळ्याच ठिकाणी आहेत. १९५७ चं पुस्तक असल्यानं ते आपल्या ओळखीच्या रोमन अक्षरांत आहे. त्याआधीच्या कित्येक जर्मन पुस्तकांतली ती काटेरी गॉथिक लिपी इथं आडवी येत नाही. पण नावं? प्रागच्या समीक्षकानं दर पानावर दोन-चार माणसं आणून उभी केली, तर मराठी वाचकाला त्यांतली किती ओळखीची? काफ्का साठोत्तरी अनियतकालिकांपासून ओळखीचा आहे. ब्रेख्ट पु. लं.च्या 'तीन पैशाचा तमाशा'तून आणि खानोलकरांच्या 'अजब न्याय वर्तुळाचा'मधून घरात आला. पण होफमन्सथाल कोण? वेर्फेल कोण? प्रत्येकाला तळटीप दिली तर पुस्तकाचा कोश होतो. दिली नाही तर वाचक तिसऱ्या पानावर पुस्तक मिटतो. माझं मत विचाराल तर तळटिपा टाळाव्यात, आणि ज्या माणसाचं पुढं काम आहे त्याची ओळख वाक्यातच अर्ध्या ओळीत करून द्यावी. शीलवतीबाईंना ही मुभा नव्हती, तो शास्त्रीय ग्रंथ होता. आठवणींच्या पुस्तकात ती घेता येते.

आणि यंत्र? मोबाइलवर पानाचा फोटो काढला की जर्मनचं मराठी क्षणात समोर येतं. अर्थ साधारण बरोबर असतो. पण हास हा उपरोधानं बोलणारा समीक्षक, आणि उपरोध यंत्राच्या हातून सर्वांत आधी निसटतो. स्तुती आणि टोमणा दोन्ही एकाच गुळगुळीत सुरात येतात. पहिला खर्डा यंत्रानं करावा की नाही यावर हौशी अनुवादकांत भांडणं होतील. होऊ द्यावीत.

कायद्याचंही सांगायला हवं, कारण हौशी माणूस नेमका तिथं अडकतो. हास १९७३ मध्ये वारला. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०३३ च्या अखेरपर्यंत. जर्मनीत सत्तर वर्षं, म्हणजे २०४३ पर्यंत. घरी बसून स्वतःसाठी अनुवाद करायला, वहीत ठेवायला, मित्राला वाचून दाखवायला कोणी अडवत नाही. छापायचा तर वारसांची किंवा प्रकाशकाची परवानगी लागेल. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात आणखी एक दार आहे: मूळ पुस्तक निघून सात वर्षं झाली आणि तुमच्या भाषेत त्याचा अनुवाद उपलब्ध नसला, तर रीतसर अर्ज करून, ठरेल तो मोबदला भरून अनुवादाचा परवाना मागता येतो. या तरतुदीची फारशी कोणाला कल्पना नसते.

जर्मन येणारी माणसं कुठून आणायची, हा प्रश्न वीस वर्षांपूर्वी मी विचारला असता. आता नाही विचारणार. यवतहून दौंड-पुणे गाडीनं शिकवणीला जाणारी मुलं जर्मन शिकतात. रांजणगावच्या कारखान्यांत आणि चाकणच्या फोक्सवागनमध्ये नोकरी धरू पाहणारी शिकतात, परिचारिका शिकतात. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, दहा हजारांचा, आणि त्यासाठी भाषेचे वर्ग काढले. ए-वन, ए-टू, बी-वन हे भाषेच्या परीक्षांच्या पातळ्यांचे शब्द आता शिरूर-दौंडच्या घरांतही ऐकू येतात. ही सगळी मुलं भाषा शिकतात ती व्हिसासाठी, आणि त्यात काही चूक नाही. पण परीक्षा झाली, व्हिसाची वाट पाहायची आहे, असे रिकामे महिने बहुतेकांच्या वाट्याला येतात. भाषा गंजते ती त्याच महिन्यांत.

अशा मुला-मुलींना सांगणं एवढंच. बी-टू झालं असेल तर जर्मनीतल्या जुन्या पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानात विली हासचं नाव टाका. सगळं पुस्तक अंगावर घेऊ नका; भारताचा भाग तेवढा काढा. रोज अर्धं पान, वहीत, हातानं. अडेल तिथं पुण्यातल्या आपल्या जर्मनच्या बाईंना विचारा, त्यांना आनंदच होईल. आणि चार पानं झाली की ती आधी घरातल्या अशा माणसाला वाचून दाखवा ज्याला काफ्का कोण हे ठाऊक नाही. त्याला कंटाळा आला तर अनुवाद अजून व्हायचा आहे.